दगडावरची जागा

दगडावर जागा संपली होती म्हणे. जोएल हे इतक्या सहज बोलला, की दयाला आधी वाटलं, तो कुठल्या तरी बसमधल्या जागेबद्दल सांगतोय. आईला जाऊन वर्ष झालं म्हणून सगळे कबरस्तानात जमले होते. पाळकसाहेबांची प्रार्थना आटोपली होती, नव्या संगमरवरावरचं फडकं भावजय पंकजानं दोन बोटांनी उचललं होतं, आणि दया पांढऱ्या पातळाचा पदर डोक्यावर घेऊन, चष्मा पुसून वाचायला लागली होती. राहेल शांतवन पाटोळे. प्रभूमध्ये निद्रिस्त. खाली जन्म, मृत्यू. त्याखाली जरा बारीक अक्षरात, मुलगा जोएल, सून पंकजा, नात आराधना व आप्तेष्ट. तिनं परत वरून वाचलं. मग, पोरं उत्तर कधीकधी पुरवणीत लिहितात म्हणून पान उलटावं तशी, ती दगडाच्या मागच्या बाजूलाही जाऊन बघून आली. मागे काही नव्हतं. "अगं, राहून गेलं," जोएल म्हणाला. "कारागिराचा फोन आला होता, ओळीत बसत नाही म्हणून. मी बँकेत होतो, घाईत म्हटलं, कर ॲडजस्ट. आणि 'आप्तेष्ट'मध्ये तू आलीसच की!" पंकजानं हार नीट करता करता म्हटलं, "ताई, दगडावर काय असतं? आईंना ठाऊक आहे ना कुणी काय केलं ते." खरंय बाई. आईंना ठाऊक होतं. म्हणून तर त्यांना आता दगडाखाली ठेवलंय.

घरी येताना रिक्षात तिच्या मांडीवर उरलेल्या फुलांची पिशवी होती. अकरा वर्षं. अर्धांगाचा झटका आला तेव्हा आई स्वयंपाकघरात मोरीजवळ पडली होती, आणि पुढं अकरा वर्षं तिला उठवणं, पुसणं, कूस बदलणं, केस विंचरणं, तोंडातून ओघळलेली पेज टिपणं, हे सगळं दयाच्या दोन हातांनी केलं होतं. शाळेतली नोकरी निवृत्तीच्या नऊ वर्षं आधी सोडली. तेव्हा जोएल डोळ्यांत पाणी आणून म्हणाला होता, "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त." निर्धास्त म्हणजे किती निर्धास्त, तर दर उन्हाळ्यात महाबळेश्वर, एकदा केरळ, आणि परत आल्यावर आईच्या उशाशी काजूचा पुडा. आईला चावता येत नव्हतं. पुडा दयानंच संपवला, एकेक काजू, दुपारी, आईचा घोरण्याचा आवाज ऐकत. त्या आधीही एकदा, ती चौतीसची असताना, राहात्याचे एक शिक्षक बघायला आले होते. चांगले होते. बशीतला चहा फुंकून पीत होते. आईनं ते गेल्यावर एवढंच म्हटलं, "माणूस बरा आहे, पण राहाता लांब पडतं." कुणाला लांब पडतं, हे दयानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं. रिक्षा माळीवाड्याच्या चौकात थांबली, आणि बावीस वर्षांनी, भर बाजारात, तिला त्या बशीचा एवढा राग आला की तिनं फुलांची पिशवी चुरगळून टाकली.

राग कुणावर काढायचा? जोएलवर काढला तर तो उद्या पेढे आणील. पंकजावर काढला तर ती म्हणेल, ताईंना पाळी गेल्यापासून हे असं होतं. गरज सरो आणि वैद्य मरो, एवढंच नव्हतं ते. वैद्याला निदान वैद्य म्हणतात. तिच्या मनात दोन दिवस एकच गोष्ट घोळत राहिली, आपण घरातून नाहीसं व्हायचं. मरायचं नाही, छे! नुसतं नसायचं. सकाळी चहाला हाक मारतील तेव्हा नसायचं. दुपारी नसायचं. संध्याकाळी जोएल स्कूटर काढील, आधी चर्चमध्ये बघील, मग मैत्रिणीकडं, सुकन्याकडं, मग बसस्थानकावर, मग घाबऱ्या आवाजात पाळकसाहेबांना फोन करील, "आमची ताई सापडत नाही हो." आमची ताई. हे दोन शब्द तिनं पोळ्या लाटताना इतक्या वेळा ऐकले की एक पोळी करपली. छप्पन्न वर्षांची बाई, रुसून माळ्यावर लपून बसलेल्या पोरीसारखी, कुणी शोधायला येतंय का म्हणून कान लावून. लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून ओढ कमी झाली नाही.

शाळेतली जुनी मैत्रीण सुकन्या काजवे बघायला भंडारदऱ्याला जाऊन आली होती. तिनं तिथल्या वाटाड्याचा नंबर दिला. गहिनीनाथ त्याचं नाव. धरणाच्या पाण्यात एक टेकडी आहे, तिच्यावर तो तंबू लावून देतो, होडीनं नेतो, आणतो.

"किती जन?" फोनवर त्यानं विचारलं.

"एक."

"एक फ्यामिली?"

"एक माणूस. मी."

"न्हाई, मॅडम, कपल येत्यात, हापिसातली येत्यात. एकली बाई..."

"पुरुष एकटा येतो का?"

"येतो की. फोटू काढाया येत्यात."

"मग मीही फोटो काढीन."

तो हसला. मग मात्र मन लावून त्यानं सगळं आखून दिलं. शनिवारी पहाटेची एसटी धरा, अकोल्याला बदला, राजूर करून शेंडीला उतरा, मी उभा राहीन. जेवायला नागलीची भाकरी, वालाची उसळ, गोड काय पायजे का? थंडी लई आसती, स्वेटर आना. आणि लवकर या, कारण होळीनंतर पाणी उतरलं की तिथं चालत जाता येतं, "मंग कसलं बेट अन् कसलं काय, गुरं चरत्यात तिथं." हे तिला फार आवडलं. चार-सहा महिनेच बेट असलेली जागा. तिनं वहीत सगळं नीट लिहून घेतलं, आणि कितीतरी वर्षांनी स्वतःसाठी केलेली ती यादी बघून तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. घरी काही सांगितलं नाही. शनिवारी पहाटे दार हळूच ओढून घेतलं, नगरच्या स्थानकावर आली, आणि मोबाईल बंद केला. बंद होताना तो थरथरला. आता शोधा म्हणावं.

संगमनेर येईपर्यंत ती खिडकीतून ऊस बघत होती आणि मनात घर बघत होती. सात वाजले, जोएलचा चहा. साडेसात, पंकजा म्हणेल, ताई उठल्या नाहीत का आज? आठ. आता दार लोटलं असेल. अंथरूण घडी केलेलं. आता चेहरे पडले असतील. अकोल्याला बस बदलताना तिनं मोबाईल पिशवीतून काढला, हातात धरला आणि न उघडता परत ठेवला. इतक्यात नको. जरा मुरू दे. राजूरनंतर घाट लागला, हवा गार झाली, आणि तिला गालातल्या गालात हसू आलं. तिकडं आता नक्की धावपळ सुरू झाली असणार.

गहिनीनाथ चाळिशीचा, काटक, कानटोपी घातलेला माणूस निघाला. पाण्याच्या काठावर होडी होती, आणि होडीआधी एक लांबडी वही. नाव, गाव, वय. चौथ्या रकान्यावर त्यानं बोट ठेवलं. "घरचं मानूस. नाव अन् नंबर."

"कशाला?"

"नियम हाय, मॅडम. एकल्या पाव्हन्याचा फोटू काढायचा अन् घरी धाडायचा, सुखरूप पोचले म्हनून. निघताना परत धाडायचा. न्हाईतर होडी सुटत न्हाई."

"घरी कुणी नाही माझ्या."

त्यानं तिच्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुनीबी न्हाई आसं कुठं आसतंय व्हय?"

तिला ते वाक्य झोंबलं. जोएलचा नंबर मोबाईलमध्ये होता, आणि मोबाईल तिला उघडायचा नव्हता. तोंडपाठ एकच नंबर होता, आईचा. शाळेतून दिवसाला दहादा लावलेला. तो अजून चालू होता, कारण गॅस आईच्या नावावर होता आणि टाकी आली की त्यावर आकडे यायचे. पंकजा तो फोन स्वयंपाकघरात फ्रीजवर ठेवायची. दयानं नंबर सांगितला. सांगताना तिला वाटलं, कोण बघतंय तो फोन! आणि त्याच क्षणी वाटलं, बघू दे, देवा, कुणीतरी बघू दे. नाव काय लिहू, त्यानं विचारलं. ती म्हणाली, "राहेल पाटोळे." नातं? "आई." त्यानं ते जपून, जाड अक्षरात लिहिलं. वहीत जागा भरपूर होती.

बेट म्हणजे तासाभरात फिरून संपणारी टेकडी. वाळलेलं गवत, चार हिरड्याची झाडं, काळे दगड, आणि चहूकडं थंड, निळं, गप्प पाणी. समोर डोंगर. तिनं सगळ्यात उंच दगडावर बसून घेतलं आणि ज्यासाठी आलो ते सुरू करायचं ठरवलं. पण ज्यासाठी आलो ते म्हणजे काय, हेच तिला आठवेना. शांतता होती, पण त्या शांततेत आई नव्हती, तिची घरघर नव्हती, ठरलेल्या वेळेचं औषध नव्हतं, आणि हातांना काही सुचत नव्हतं. ती गवत उपटत राहिली. हे हात कुणाच्या तरी पाठीखाली सरकवण्याइतकेच शिकलेले. तिला एकदम आईचाच राग आला. बोलता येत होतं तोवर कधी जोएलला म्हणाली का, की बाबा रे, हिचं बघ? नाही. जोएल आठवड्यातून एकदा यायचा, कपाळावर हात ठेवायचा, आणि आईच्या अर्ध्या तोंडावर हसू फुटायचं. दया रोज करायची तर तिला हसू कशाला? भाकरीला कुणी हसून दाखवतं का? हे आपण कुणाविषयी विचार करतोय, हे लक्षात आल्यावर तिनं क्षमा मागितली. मागताना मन काही फारसं नमलं नाही.

उन्हं कलली तेव्हा गहिनीनाथनं तंबू उभा करून दिला आणि तिची पिशवी आत नेऊन ठेवली. पिशवीची साखळी तुटकी होती. तो आतून बाहेर आला तो गप्पच झालेला. आतापर्यंत ह्या डोंगराचं नाव, त्या गावाचं नाव, सारखं चालू होतं. आता त्यानं एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता न्यायचं?"

"बघू," दया म्हणाली. "घाई नाही मला."

तो होडीत बसला आणि जोरजोरात वल्ही मारत निघून गेला. अर्ध्या तासानं होडी परत आली तेव्हा तिच्यात एक म्हातारी होती. कासोट्याचं लुगडं, डोक्याला मफलर, दात मिश्रीनं काळे. गहिनीनाथची आई, साळूबाई. चढ चढून आली, धापा टाकत तंबूत वाकली, पिशवीतून दयाचं पांढरं पातळ ओढून बाहेर काढलं आणि तिच्या समोर धरलं.

"हे कशाला आनलं गं बये?"

दयाला आधी कळेना. मग कळलं, म्हातारीला ते कफनाचं कापड वाटलं होतं. उद्या महिन्याचा पहिला रविवार होता, प्रभुभोजनाचा. त्या रविवारी आई पांढरं नेसायची, दया नेसायची, चर्चमधल्या साऱ्या जुन्या बाया नेसायच्या. पिशवी भरताना हातानं आपसूक ते घेतलं होतं, बायबल घेतलं होतं तसंच. इथंच दगडावर बसून प्रार्थना करावी, एवढाच विचार. ती समजावून सांगायला लागली. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मला नको शिकवू. दोन वर्सांमागं एक जन असाच एकला आल्ता. तोबी म्हनला, घाई न्हाई. सकाळी पान्यावर गावला. माझ्या पोराला सहा महिने पोलिसात हेलपाटे. होडीचं परमिट जाता जाता राहिलं. बये, जीव द्यायचा तं तुझ्या गावाला दे. आमच्या पान्यात न्हाई."

"अहो, मी जीव द्यायला आलेली नाही!" दया ओरडली. इतक्या मोठ्यानं, की समोरच्या डोंगरावरून तिचाच आवाज अर्धा परत आला. ओरडून झाल्यावर तिला आतून शंका आली. दोन दिवस आपण जे बघत होतो, जोएलची स्कूटर, पाळकसाहेबांना फोन, पंकजाचे रडून सुजलेले डोळे, त्यात आपण कुठं होतो? त्या चित्रात आपण कुठंच नव्हतो. मेल्यावर तरी दगडावर नाव लागतंच, एक ओळ अख्खी आपली. हा विचार तिनं केला होता, पोळी लाटताना, अगदी स्वच्छ केला होता. मग म्हातारीचं काय चुकलं? आणि ह्या दोन परक्या माणसांना एका पातळावरून जी भीती वाटली, ती घडी घातलेलं अंथरूण बघून तिकडं कुणाला वाटली असेल का? तिला आता थांबवेना. "फोटो पाठवला का घरी?" तिनं गहिनीनाथला विचारलं.

तंबूपासून पंधरा पावलांवर एका दगडावरच रेंज होती. तिथं उभं करून त्यानं तिचा फोटो काढला, मागं पाणी, आणि बोलत बोलत टाईप केलं, मॅडम भंडारदऱ्याला बेटावर सुखरूप हायेत, काळजी नसावी. तिनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. नंबराच्या बाजूला गोलात आईचा फोटो होता, मागच्या एका नाताळचा, व्हीलचेअरवर, गळ्यात चमकीची माळ. ती माळ दयानंच घातली होती. दोन खुणा निळ्या झाल्या. बघितलं! आता फोन येईल. कुठं गेलीस, कशी गेलीस, न सांगता, काही कमीजास्त झालं असतं म्हणजे. शिव्या दे, जोएल. वाटेल ते बोल. आईच्या फोटोखाली टाईप होतंय असं दिसायला लागलं, थांबलं, परत दिसलं. मग उत्तर आलं. गहिनीनाथनं ते वाचून दाखवलं.

"ओके."

आणि लगेच खाली दुसरं. "गॅसचं कार्ड कुठं आहे विचारा. सकाळपासून शोधतोय."

सकाळपासून शोधतोय. पाणी तसंच निळं होतं. गहिनीनाथ मोबाईल धरून वाट बघत होता, साळूबाई मफलर घट्ट करत होती. दगडावर बघ म्हणावं, तिच्या जिभेवर आलं, घरातल्या सगळ्यांची नावं आहेत तिथं, कार्ड कुणाकडंय तेही कोरलं असेल. हे वाक्य तिनं मनात दोनदा म्हटलं. चांगलं होतं. मग तिनं तोंड उघडलं आणि स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला, रोजचा, नीट समजावून सांगणारा. "लिही. लाकडी कपाट. दुसरा खण. आईच्या चष्म्याच्या डबीखाली. खण अडकतो, जरा वर उचलून ओढायचा." तो लिहीत गेला. अडकतो म्हणजे कसा, त्यानं विचारलं, तेही तिनं सांगितलं. पलीकडून अंगठा आला. मग आईचा फोटो नुसताच राहिला, गळ्यात चमकीची माळ घालून.

तिनं स्वतःचा मोबाईल उघडला. दिवसभरात दोन निरोप. एक मोबाईल कंपनीचा, एक चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवरचा, कुणाच्या तरी वाढदिवसाचा. जोएलचा एकही फोन नव्हता.

अंधार पडायच्या आत साळूबाईनं तंबूत बैठक मारली. पांढऱ्या पातळाची घडी तिनं सरळ उशाला घेतली. मग दयाच्या छापील पातळाचा पदर ओढला, आपल्या लुगड्याचा पदर ओढला, आणि दोन्हींची निरगाठ मारली. पाय लावून आवळली. "आता जा कुठं जायचं ते," म्हणाली आणि लवंडली. दया बसून राहिली. कुणी आपल्याला असं धरून ठेवलंय, ह्याची तिला किती वर्षांत सवय नव्हती. जरा कूस बदलली की पदर ताणला जायचा, आणि झोपेतसुद्धा म्हातारी तिकडून हिसका द्यायची. आईच्या उशाशी तिनं अकरा वर्षं अशीच काढली होती, एक हात आईच्या मनगटावर. त्या बाजूला कसं वाटत असेल, हे आज कळत होतं. बरं वाटत होतं. परमिटासाठी का असेना, बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला चीड आली.

सकाळी दंवानं आणि रात्रभरच्या ओढाताणीनं गाठ अशी बसली की सुटेना. म्हातारीनं दात लावले, दयानं नखं मोडून घेतली. शेवटी दोघी तशाच बांधलेल्या बाहेर आल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रभुभोजनाच्या रविवारी दया छापील पातळात, एका हाताच्या अंतरावर मिश्री लावत बसलेल्या बाईसोबत, दगडावर बसली. प्रार्थना काही सुचली नाही. साळूबाईनं विचारलं, "झालं का?" ती म्हणाली, "झालं." होडीतही दोघी तशाच बसल्या. काठाला लागल्यावर गहिनीनाथनं चाकू काढला. "माझं काप," साळूबाई म्हणाली, "जुनंच हाय." लुगड्याचा एवढासा तुकडा दयाच्या पदराला गाठीसकट राहिला.

गहिनीनाथनं वही उघडली, मोबाईल काढला. "निघाले म्हनून धाडतो घरी."

"नको," दया म्हणाली.

"नियम हाय, मॅडम. घरच्या मानसाला कळवाया लागतं."

"मग ह्यांना कळव." तिनं साळूबाईकडं बोट दाखवलं. का दाखवलं, तिला सांगता आलं नसतं. म्हातारी आता म्हणेल, ये गं परत. म्हणेल, पोचलीस की कळव. एवढं म्हणाली असती तरी पुरलं असतं.

साळूबाई पांढऱ्या पातळाची घडी तिच्या पिशवीत कोंबत होती. तिनं वर पाहिलं आणि हसली. खरोखर मोकळं झाल्यासारखी हसली. "मला काय कळवायचं? माझं काम झालं, बये. पोराचं परमिट राहिलं. आता तू कुठंबी जा." आणि कमरेवर हात ठेवून ती घराच्या वाटेला लागली. मागं वळून तिनं पाहिलं नाही. गहिनीनाथनं मान खाली घालून निरोप धाडलाच.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटतासुटता तिचा मोबाईल वाजला. जोएल होता. कालपासूनचा पहिला फोन. तिनं घेतला.

"ताई, कार्ड सापडलं गं! बरोब्बर डबीखाली. खण मात्र हातातच आला," तो हसत म्हणाला. "बरं, निघालीस ना? उद्या अकरापर्यंत टाकी येणार आहे."

"निघाले," ती म्हणाली.

कंडक्टर समोर उभा होता. "कुठं, मावशी?" त्यानं विचारलं. म्हातारी म्हणाली होती, कुठंबी जा. राहाता, तिच्या मनात येऊन गेलं, राहात्याला जाते का ही गाडी? बावीस वर्षं उशिरा. तिनं पदराची गाठ चाचपली, नख लावून पाहिलं. सुटत नव्हती. मग तिनं नगरचं तिकीट मागितलं. उद्या अकराला टाकी येणार होती, आणि घरी कुणीतरी असायला हवं होतं.